रहस्यकथेवर मत कसं द्यायचं: शेवट न फोडता आणि नुसतं 'भारी आहे' न म्हणता

मागच्या महिन्यात वाचनालयातून एक जुनी रहस्यकथा आणली, पानं पिवळी पडलेली, बाइंडिंग सैल झालेलं, पण गोष्ट मस्त चालली होती. पान ४७ वर आले तर एका पात्राच्या नावाभोवती पेन्सिलीनं गोल केलेला आणि शेजारी समासात लिहिलेलं, 'हाच'. पुढची दीडशे पानं मी वाचली पण ती वाचन म्हणून वाचली नाहीत, नुसती उलटली. ज्यानं कोणी ते लिहिलं त्याला वाटलं असेल आपण आपलं मत नोंदवतोय.

हे सगळं लिहायला बसले कारण हाच प्रकार आता फोनवर, वाचनकट्ट्यावर, घरच्या ग्रुपवर रोज होतो आणि करणाऱ्यांना कळतही नाही. खुन्याचं नाव सरळ सांगणारे फार थोडे असतात हो. बाकीचे सगळे चांगल्या मनानं लिहितात आणि एखाद्या शब्दातून, एखाद्या क्रियापदातून गोष्ट फोडून टाकतात. आणि जे फोडायला घाबरतात ते मग 'खिळवून ठेवणारी, जरूर वाचा' एवढंच लिहून थांबतात, त्यातून कोणाला काहीच कळत नाही. या दोन्हीच्या मध्ये लिहिता येतं, फक्त त्याची तयारी पुस्तक संपल्यावर करून चालत नाही, सुरू करतानाच करावी लागते.

उदाहरणासाठी एक गोष्ट धरू, ही मीच बनवलीये, कुठल्या पुस्तकातली नाही. कोकणातलं गाव. दादासाहेब नावाचे वयस्कर बागायतदार आंब्याच्या बागेतल्या खोपीत मेलेले सापडतात. घरात चौघं: पुतण्या, सून, रोज येणारे डॉक्टर आणि हिशेब बघणारे दिवाणजी. ओटीवर जुनं घड्याळ आहे, त्याला रोज रात्री नऊ वाजता सून स्टुलावर चढून चावी देते. खून झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी ते घड्याळ बंद पडलेलं असतं. सून म्हणते मी रात्रभर घरातच होते. शेवटी त्या घड्याळावरूनच ती सापडते. ही गोष्ट डोक्यात ठेवा, पुढे परत परत लागणार आहे.

१. वाचायला घेतानाच: एक चिठ्ठी

पुस्तकात काही लिहायचं नाही, स्वतःचं असलं तरी नाही, कारण ते उद्या कोणाला तरी द्याल किंवा रद्दीत जाईल आणि तिथून कोणाच्या तरी हातात पडेल. बुकमार्क म्हणून एक आडवी दुमडलेली चिठ्ठी ठेवा आणि तिच्यावर तीनच गोष्टी लिहा.

पहिली, पात्रांची नावं आणि एकमेकांचं नातं. अनुवादित जपानी किंवा स्वीडिश पुस्तक असेल तर याशिवाय गत्यंतर नाही, पन्नास पानांनंतर कोण कोणाचा मेव्हणा ते लक्षात राहत नाही आणि मग आपण लेखकाला दोष देत बसतो की पात्रं गोंधळाची आहेत.

दुसरी, जिथे काहीतरी खटकलं तो पानाचा नंबर. कारण लिहायचं नाही, फक्त नंबर आणि एखादा शब्द. '३२, घड्याळ'. बस.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची आणि हीच कोणी करत नाही: पुस्तक साधारण दोन-तृतीयांश झालं की थांबून आपला अंदाज लिहायचा. तीनशे पानांचं पुस्तक असेल तर दोनशेच्या आसपास. 'मला वाटतं दिवाणजी, कारण हिशेबाच्या वह्या.' तारीख घालायची आणि पुढे वाचायचं.

हे का तर शेवट वाचून झाला की आपल्या मनाला हमखास वाटायला लागतं की अरे हे तर मला आधीच कळलं होतं. खोटं बोलत नसतो आपण, खरंच तसं वाटतं, कारण एक क्षणभर चौघांवरही संशय आलेला असतोच. पण मग मतात 'शेवट आधीच ओळखता येतो' असं वाक्य जातं आणि ते त्या लेखकावर अन्याय करणारं असतं. माझ्या स्वतःच्या जुन्या चिठ्ठ्या काढून बघितल्या तर ज्या पुस्तकांबद्दल मी 'सहज ओळखलं' असं सांगत फिरत होते त्यातल्या कित्येकांच्या चिठ्ठीवर भलतंच नाव होतं.

तपासा: चिठ्ठीवर अंदाज नसेल तर 'मी ओळखलं होतं' हे वाक्य मतात येणार नाही. हा नियम स्वतःला घालून घ्या.

२. पुस्तक मिटल्यावर: लगेच पोस्ट नाही

रात्री दोन वाजता पुस्तक संपतं, छाती धडधडत असते आणि हात फोनकडे जातो. त्या वेळी जे लिहिलं जातं त्यात नव्वद टक्के शेवट असतो कारण डोक्यात दुसरं काही नसतंच. म्हणून त्या वेळी जे वाटतंय ते चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहा, अगदी शिव्या असल्या तरी लिहा, कोणाला दाखवायचं नाहीये. पोस्ट दुसऱ्या दिवशी.

एक दिवस पुरतो. आठवडा मात्र लावू नका, कारण मग बारकावे जातात आणि परत फक्त शेवटच लक्षात राहतो.

३. आधी ठरवा पुस्तक कुठल्या जातीचं आहे

'मिस्ट्री-थ्रिलर' असं जोडून म्हणतो आपण पण ते एक नाही आणि इथेच सगळ्यात जास्त चुकीची मतं दिली जातात. निदान चार प्रकार वेगळे करा.

एक, खुनी कोण. वाचकाला धागे दिलेत, डोकं लावायचंय. इथे मोजायचं ते कोड्याच्या बांधणीवरून.

दोन, उलटी रहस्यकथा. पहिल्याच काही पानांत गुन्हा कोणी केला ते दाखवून टाकतात, पुढची मजा ही की पकडणार कसे. इंग्रजीत ऑस्टिन फ्रीमननं १९१२ साली अशा गोष्टींचा संग्रहच काढला होता, म्हणजे प्रकार काही आजचा नाही. जपानी लेखक केइगो हिगाशिनो अलीकडे आपल्याकडेही बराच वाचला जातो, त्याची २००५ ची गाजलेली कादंबरी याच चालीनं सुरू होते. अशा पुस्तकाबद्दल 'खुनी सुरुवातीलाच कळतो, काही सस्पेन्सच नाही' असं मत बघितलं की वाईट वाटतं, लेखकानं जे मुद्दाम केलंय तेच त्याची चूक म्हणून दाखवलेलं असतं.

तीन, थरार. इथे कोडं नसतं, पाठलाग असतो, वेळ संपत चाललेली असते, नायक अडकतो आणि सुटतो. बाबूराव अर्नाळकरांचा झुंझार घ्या किंवा सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद, त्यांना 'धागेदोरे नीट दिले नाहीत' म्हणून मार्क कापणं म्हणजे कुस्तीच्या फडात बुद्धिबळाचे नियम लावणं. वेग कसा आहे, प्रसंग डोळ्यासमोर उभे राहतात का, संकटातून सुटका पटते का, हे बघायचं. त्याच अर्नाळकरांच्या धनंजयाकडे मात्र तुम्ही डिटेक्टिव्ह म्हणून बघा, तिथे तपासाबद्दल बोलणं रास्त आहे.

चार, गूढकथा. मराठीत ही वाट फार समृद्ध आहे आणि यात शेवटी उलगडा व्हायलाच हवा असं नाही. रत्नाकर मतकरींची गूढकथा वाचून 'शेवट स्पष्ट केला नाही' अशी तक्रार करणाऱ्यानं मुळात चुकीची अपेक्षा ठेवून पुस्तक उचललंय.

तपासा: एका वाक्यात लिहून बघा, 'हे पुस्तक मला अमुक करायला सांगत होतं.' डोकं लावायला, घाबरायला, धावायला की विचारात पडायला. ते वाक्य जमलं नाही तर अजून मत द्यायची वेळ झालेली नाही.

४. मागे जाऊन धागे तपासा

ही पायरी पहिल्या प्रकारासाठी, म्हणजे खुनी कोणसाठी. वेळ लागतो, अर्धा तास तरी, पण तुमच्या मताला वजन येतं ते इथूनच.

चिठ्ठीवरचे पानांचे नंबर काढा आणि ती पानं परत उघडा. शेवटी डिटेक्टिव्ह ज्या ज्या गोष्टीच्या आधारानं बोट दाखवतो त्या प्रत्येक गोष्टीला तीन प्रश्न विचारा.

ही गोष्ट आपल्याला उलगड्याच्या आधी दाखवली होती का? आपल्या गोष्टीत घड्याळाला चावी देणं पान ३२ वर येतं, बंद पडलेलं घड्याळ पान १९० वर. दोन्ही उघड्यावर आहेत. ठीक.

दाखवली तेव्हा तिचा दुसरा काही साधा अर्थ निघत होता का? निघत होता, सून कष्टाळू आहे, घर सांभाळते, एवढंच आपण त्यातून घेतलं. आणि घड्याळ बंद पडलं ते घरात मृत्यू झाल्याची खूण म्हणून लेखकानं वातावरणासाठी टाकलं असेल असं वाटलं. हेच कसब आहे.

आणि तिसरा प्रश्न, यावरून तीच व्यक्ती सापडते की दुसरी कोणीही सापडली असती? इथे बऱ्याच कादंबऱ्या पडतात. घड्याळावरून सून नऊ वाजता घरात नव्हती एवढंच सिद्ध होतं, ती बागेत होती हे नाही. मग लेखकानं त्यासाठी दुसरं काही दिलंय का ते शोधा. नसेल दिलं आणि सून एकदम रडून कबुली देत असेल तर ती बांधणीतली खोट आहे आणि ती तुम्ही मतात न घाबरता सांगू शकता, गोष्ट न फोडता: 'उलगड्यातली शेवटची कडी पुराव्यानं नाही तर कबुलीनं जोडली आहे, ते मला कमी वाटलं.' यात कोणाचं नाव आलं का? नाही. वाचणाऱ्याला काय मिळणार ते कळलं का? कळलं.

रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्लिश धर्मगुरू-लेखकानं १९२९ मध्ये डिटेक्टिव्ह कथेसाठी दहा नियम घालून दिले होते, त्यातले दोन मी अजून वापरते: गुन्हेगार गोष्टीच्या सुरुवातीच्या भागातच भेटलेला असला पाहिजे आणि डिटेक्टिव्हला जो धागा मिळाला तो वाचकापासून लपवायचा नाही. बाकीचे आठ आज कोणी पाळत नाही, पाळायची गरजही नाही. पण हे दोन मोडले असतील तर आपल्याला जो फसवल्याचा राग येतो त्याचं कारण बहुतेक वेळा यातच सापडतं.

थांबा: 'मला फसवलं' आणि 'मी फसले' यात फरक आहे. धागा समोर होता आणि दिसला नाही तर तुम्ही फसलात, ती लेखकाची जीत. धागा समोर नव्हताच तर फसवणूक. मागची पानं न उघडता यातलं कुठलं ते ठरवता येत नाही.

५. रेघ आखा: कुठपर्यंत सांगायचं

लिहायच्या आधी पानाचा नंबर ठरवा. माझा हिशेब असा की पहिल्या एक-चतुर्थांश पानांत जे घडतं ते सांगायला मोकळीक, त्यापुढचं काहीही नाही. दोनशे चाळीस पानांचं पुस्तक असेल तर पान ६० ला रेघ. दादासाहेबांचा मृत्यू पान १८ वर आहे, सांगा. डॉक्टरांचं जुनं प्रकरण पान ११० वर उघडकीस येतं, नका सांगू, ते खुनाशी संबंधित नसलं तरी नका सांगू, कारण वाचणारा मग डॉक्टरांवरचा संशय पान ११० च्या आधीच धरून बसेल आणि लेखकानं पेरलेली दिशाभूल वाया जाईल. दिशाभूल फोडणं हेही गुपित फोडणंच आहे, हे फार जणांच्या लक्षात येत नाही.

मलपृष्ठावर जे छापलंय ते सांगायला हरकत नाही असं लोक म्हणतात. बहुतेक वेळा खरं आहे, पण मी अशी मलपृष्ठं बघितली आहेत ज्यांत अर्ध्या पुस्तकानंतर होणारा दुसरा खून सरळ छापून टाकलाय. तेव्हा मलपृष्ठ आणि तुमची रेघ, यातलं जे आधी येईल ते धरा. आणि मलपृष्ठच जास्त बोलत असेल तर तसं आवर्जून लिहा, 'मागचं पान वाचू नका, थेट सुरू करा', लोक दुवा देतात.

पुस्तक मालिकेतलं असेल तर रेघ आणखी मागे. पाचव्या पुस्तकाच्या सुरुवातीला इन्स्पेक्टरची बायको वारलेली असते, तुम्ही ते सहज लिहून जाता आणि ज्याच्या हातात दुसरं पुस्तक आहे त्याच्यासाठी मधली सगळी पुस्तकं खलास.

आणि जुनं पुस्तक आहे, सगळ्यांना माहितीच आहे, असं कधीच धरू नका. लंडनला अगाथा ख्रिस्तीचं 'द माऊसट्रॅप' नाटक १९५२ पासून चालू आहे, २०२० मध्ये महासाथीत बंद पडलं होतं तेवढंच. आजही प्रयोग संपला की प्रेक्षकांना विनंती करतात की गुपित बाहेर सांगू नका. एवढ्या वर्षांनंतरही त्या रात्री खुर्चीत पहिल्यांदाच बसलेलं कोणीतरी असतंच. आपल्या घरातसुद्धा चौदा वर्षांचा भाचा आत्ता कुठे कपाटातली जुनी पॉकेटबुकं काढून वाचायला लागलेला असतो.

६. लिहायचा क्रम

क्रम महत्त्वाचा आहे कारण लोक पहिल्या चार ओळी वाचून ठरवतात.

आधी पुस्तकाचं नाव, लेखक, अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव न चुकता, प्रकाशन, पानं. मग वरच्या तिसऱ्या पायरीतलं वाक्य, पुस्तक कुठल्या जातीचं आहे. मग रेघेच्या अलीकडची गोष्ट, तीन-चार वाक्यांत, जास्त नाही. बहुतेक जण अख्ख्या मतातली ऐंशी टक्के जागा गोष्ट सांगण्यात घालवतात आणि शेवटी 'एकंदरीत छान' म्हणून थांबतात, ते मत नाही, तो सारांश झाला.

त्यानंतर खरा भाग: काय जमलंय आणि काय नाही, प्रत्येकाला पुरावा देऊन. 'वातावरण छान उभं केलंय' याच्यापेक्षा 'खोपीतला वाळक्या गवताचा आणि कलमी आंब्याचा वास पहिल्या प्रकरणात येतो तो शेवटपर्यंत नाकातून जात नाही' हे लिहा. 'मध्ये कंटाळवाणं होतं' याच्यापेक्षा 'पोलीस चौकशीची तीन प्रकरणं सलग आहेत आणि तिन्हींत तेच प्रश्न परत येतात' हे लिहा.

शेवटी कोणासाठी. हे लिहायला लाजू नका. ज्यांना रक्त-मारहाण सोसत नाही, ज्यांना लहान मुलांवरच्या अत्याचाराचं वाचवत नाही, त्यांना आधी सांगणं म्हणजे गोष्ट फोडणं नव्हे. 'यात लहान मुलाशी संबंधित हिंसा आहे' एवढं मोघम सांगितलं तर कथानकाचं काही बिघडत नाही आणि एखाद्याची रात्र वाचते.

अनुवादाबद्दल दोन ओळी वेगळ्या लिहा, मूळ गोष्टीच्या मतात मिसळू नका. संवाद अडखळत असतील तर तो दोष लेखकाचा की अनुवादाचा हे मूळ न वाचता ठामपणे सांगता येत नाही, पण 'मराठीत संवाद अडखळतात' हे सांगता येतं.

७. शब्दांची चाळणी

ही माझ्या मते सगळ्यात गरजेची पायरी. मत लिहून झालं की मोठ्यानं वाचा आणि खालच्या गोष्टी शोधा.

'ट्विस्ट'. 'शेवटचा ट्विस्ट जबरदस्त आहे' वाचलेला माणूस पहिल्या पानापासून ट्विस्टची वाट बघत बसतो आणि जे पात्र सगळ्यात साधं दिसतं त्याला धरतो. पुष्कळदा बरोबर धरतो. काढून टाका. 'शेवट समाधानकारक आहे' किंवा 'शेवट मला पटला नाही' एवढं पुरतं.

'अगदी अमुक पुस्तकासारखी'. याच्यानं एका फटक्यात दोन पुस्तकं फुटतात, ज्यानं जुनं वाचलंय त्याला नवं कळतं आणि ज्यानं नवं आधी वाचलं त्याला जुनं. तुलना करायचीच तर वेगाची, भाषेची, प्रदेशाची करा, शेवटाची नको.

एखाद्या पात्राचं नको तितकं कौतुक. चौघांपैकी फक्त सुनेबद्दल तुम्ही 'हे पात्र फार बारकाईनं उभं केलंय' लिहिलंत की झालं. एक तर चौघांबद्दल लिहा नाहीतर कोणाबद्दलच नको.

आता मराठीतली खास अडचण. आपलं क्रियापद लिंग सांगून टाकतं. 'खून केल्यावर इतकी शांत राहते हे पटत नाही' असं कर्त्याशिवाय लिहिलं, नाव कुठेच नाही, पण 'राहते' मध्ये चौघांतले तिघं निर्दोष सुटले. तसंच 'त्यांनी हे का केलं' मधलं 'त्यांनी'. एकतर मोठ्या माणसाबद्दल बोलताय किंवा एकापेक्षा जास्त जण आहेत, दोन्ही अर्थ वाचणाऱ्याला काहीतरी देऊन जातात. म्हणून गुन्हेगाराबद्दल बोलताना वाक्य फिरवून क्रियेवर आणा: 'गुन्ह्यानंतरची शांतता पटत नाही', 'गुन्ह्यामागचं कारण पुरेसं वाटलं नाही'. थोडं पुस्तकी वाटेल पण वाटू दे.

भूतकाळही बघा. 'दिवाणजी मला फार आवडायचे', 'दिवाणजींचं पात्र छान होतं'. दुसरं वाक्य चालतं, पहिल्यावरून वाटतं दिवाणजी मधेच गेले. पात्रांबद्दल वर्तमानकाळात लिहिलं की हा घोळ होत नाही.

जाता जाता, अनुवादातही हीच अडचण येते. इंग्रजीत 'डॉक्टर' किंवा 'कझिन' म्हटलं की बाई की पुरुष ते कळत नाही आणि लेखक त्यावर अख्खं कोडं उभं करू शकतो, मराठीत पहिल्याच वाक्यात 'डॉक्टर आल्या' लिहावं लागतं. अनुवादकानं हे कसं सांभाळलंय ते बघण्यासारखं असतं, आणि सांभाळलं असेल तर कसं ते सांगू मात्र नका.

तपासा: मतातलं प्रत्येक पात्राचं नाव मोजा. एकाचंच नाव जास्त वेळा आलं असेल तर कमी करा.

८. न वाचलेल्या माणसाला दाखवा

घरात कोणीतरी असतंच ज्यानं ते पुस्तक वाचलेलं नाही आणि वाचायचा विचारही नाही. त्याला मत वाचायला द्या आणि एकच प्रश्न विचारा, 'तुला कोणावर संशय येतो?' त्यानं 'काय माहीत' म्हटलं तर पास. त्यानं पटकन एक नाव घेतलं आणि ते बरोबर असेल तर कुठल्या शब्दावरून आलं ते विचारा आणि तो शब्द काढा. चुकीचं नाव घेतलं तरी विचारा, कारण तुम्ही कोणावर तरी उगाच संशय ढकलताय.

हे मी माझ्या आत्याकडून शिकले. ती रहस्यकथांची पक्की वाचक, वय झालं तरी रात्रीचे दोन-दोन तास वाचते. तिला एक कादंबरी दिली आणि देताना इतकंच म्हटलं, 'आत्या, त्या कारकुनाकडे नीट लक्ष दे हं.' मला फक्त त्याचे संवाद आवडले होते म्हणून. चार दिवसांनी तिनं पुस्तक परत दिलं आणि म्हणाली, 'तू लक्ष दे म्हणालीस तिथेच कळलं गं मला.' रागावली नाही, पण पुस्तक टेबलावर ठेवताना तिचा चेहरा उतरलेला होता. तिच्याकडे वाचायला किती दिवस आहेत आणि त्यातलं एक चांगलं पुस्तक मी खाल्लं, हे मला अजून लागतं.

९. शेवटाबद्दल बोलायचंच असेल तर

बोलायला हवंच, कारण वाचून झालेल्यांना त्याचीच भूक असते. फक्त वेगळ्या जागी. टेलिग्राम आणि डिस्कॉर्डवर मजकूर दोन्ही बाजूंनी दोन-दोन उभ्या रेघांत ठेवला की तो झाकला जातो, बोट लावल्यावरच दिसतो. गुडरीड्स या पुस्तकांवरच्या मतांच्या वेबसाइटवर मत टाकताना त्यात स्पॉयलर, म्हणजे गोष्ट फोडणारा मजकूर, आहे अशी खूण करता येते.

व्हॉट्सॲपवर मात्र सांभाळून. लोक 'स्पॉयलर आहे' असं लिहून लगेच पुढच्या ओळीत सुरू करतात, पण नोटिफिकेशनमध्ये पहिल्या ओळी दिसतातच, फोन न उघडताही दिसतात. आधी पुस्तकाचं नाव आणि इशारा, एवढाच एक मेसेज. शेवटाची चर्चा ज्यांचं वाचून झालंय त्यांच्यात, वेगळ्या ग्रुपवर किंवा सरळ फोनवर. फोन सगळ्यात बरा, अर्धा तास बोलता येतं.

वाचनकट्ट्यावर समोरासमोर बसला असाल तर आधी हात वर करायला सांगा, कोणाचं अजून संपलेलं नाही. त्यांना पहिल्यांदा बोलू द्या, त्यांचे अंदाज ऐका, मग चहा झाल्यावर ज्यांना थांबायचं ते थांबतील आणि बाकीचे घरी जातील. अंदाज ऐकताना चेहरा सांभाळा. कोणी बरोबर नाव घेतलं आणि दोघंतिघं एकमेकांकडे बघून गप्प झाली की सगळं संपलं.

१०. उत्तरं देताना

मत नीट लिहून लोक खाली उत्तरात घालवतात. कोणीतरी विचारतं, 'मी पान १२० वर आहे, मला पुतण्यावर संशय येतोय.' आणि आपण लिहितो, 'अजून थोडं वाच मग बघ.' याचा अर्थ पुतण्या नाही, एवढं त्याला कळलं. 'अरे वा' म्हटलं तर पुतण्याच. हसरा चेहरा टाकला तरी काहीतरी कळतंच.

अशा वेळी एकच उत्तर, आणि ते बरोबर अंदाजालाही तेच द्यायचं, चुकीच्यालाही तेच: 'अंदाज चिठ्ठीवर लिहून ठेव, संपलं की फोन कर.'